नागपूरचे ६० हजार म्हणजे मुंबईचे किती?

संत्रानगरी: औद्योगिक कामगारांचा महागाई निर्देशांक दोन्ही शहरांचा मिळतो. त्यावरून पगाराचा हिशेब काढता येईल का?

फास्ट_लोकल: नाही. दोन्हीकडे त्या-त्या शहराचे २०१६चे भाव १०० धरलेत. तिथल्या तिथे भाव किती वाढले एवढंच त्यातून कळतं. नागपूरचा आकडा मुंबईच्या वर गेला तरी नागपूर महाग ठरत नाही.

डोंबिवली_स्लो: डाळ-तांदळात फार फरक नाही हो, सगळा खेळ घरभाड्याचा. केंद्राचा घरभाडे भत्ताही मुंबईला मूळ पगाराच्या ३० टक्के, नागपूरला २०. भाडं कार्पेट एरियावर (भिंती सोडून आतली वापरायची जागा) तोला, एजंट बिल्टअपच (भिंती धरून) सांगणार. डिपॉझिट, दलाली, करारनोंदणी सगळं पहिल्याच महिन्यात अंगावर येतं.

फास्ट_लोकल: मेंटेनन्स कोण भरणार, तेही करारात लिहून घ्या. तोंडी नको.