एक वेळची मेस: पोट मारून काढलेले दिवस आणि नंतरची तब्येत

धायरीकरीण
परवा सदाशिव पेठेत एका मेसमध्ये पार्सलसाठी उभी होते. पुढचा मुलगा काकूंना सांगत होता, "काकू, या महिन्यापासून एकच वेळ करा. संध्याकाळचं मी बघतो." काकूंनी वहीत काहीतरी खोडलं. मला एकदम भरून आलं. "संध्याकाळचं मी बघतो" हे मीही म्हटलंय, १९९८ साली, बार्शीहून इथे बी.एस्सी.ला आले तेव्हा.

संध्याकाळचं बघायचं म्हणजे पाणी प्यायचं, घरून आणलेले दाणे उरले असतील तर ते खायचे आणि लवकर दिवा घालवायचा. रूममेटला वाटायचं ही पहाटे उठून अभ्यास करणारी. खरं कारण म्हणजे झोप लागली की भूक कळत नाही. केस मुठीने गळायचे. पाळी महिनोन्महिने यायची नाही. प्रॅक्टिकलला पिपेट धरली की हात थरथरायचा. आणि राग! कोणी जोरात दार लावलं तरी रडू यायचं. डॉक्टरांनी विचारलं, "भूक लागते का?" म्हटलं, लागते. "मग चांगलंय की," म्हणाले आणि टॉनिक दिलं. भूक लागल्यावर खायला असतं का, हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. टॉनिकने भूक अजून वाढली, तो वेगळाच विनोद.

आता सगळं छान आहे. पण अजूनही कोणी "चव बघते गं" म्हणत माझ्या ताटातलं उचललं की डोक्यात तिडीक जाते. लग्नाची पंगत असली की जिलबी माझ्यापर्यंत पोचेल ना, हे आधी बघते. नवऱ्याला सुरुवातीला वाटायचं, बायको चिक्कू आहे.

तुमचं काय? हॉस्टेल, दुष्काळ, लॉकडाऊन, घरची तंगी, काहीही असो. शरीरात आणि डोक्यात काय उरलं ते लिहा.

नवीपेठ_माजी
ताई, खाडा विसरलात! न जेवलेल्या दिवसांचे पैसे कापून मिळायचे तो. आमच्याकडे सलग तीन दिवसांचा खाडा धरायचे, एक-दोन दिवसांचा नाही. मग गावी चाललो म्हणून सांगायचं आणि तीन दिवस अभ्यासिकेतच काढायचे. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ना, ते २०१६ चं वर्ष. घरी सोयाबीन गेलेलं, बापाला पैसे मागायची हिंमत नव्हती. आई फोनवर विचारायची जेवलास का, मी म्हणायचो हो, वांग्याची भाजी होती. भाजी रोज बदलायचो बरं का. आठवड्याचा मेनूच ठरवून ठेवलेला.

मिसळीचं गणित वेगळं. एक प्लेट घ्यायची आणि रस्सा मागत राहायचं, रस्स्याला नाही म्हणत नसत. तिखटानं भूक मरते. आता अल्सर निघाला. डॉक्टर म्हणाले तिखट बंद. पगार सुरू झाला तर तिखट बंद!

स्पर्धा परीक्षेची पूर्वपरीक्षा निघाली होती. मुख्यला वाचलेलं आठवेचना. सगळे म्हणायचे टेन्शन घेतो. घेत असेन. पण संध्याकाळी सातनंतर एकच पान तासभर उघडं असायचं, त्याचं कारण टेन्शन नव्हतं.

औंधचा_बंड्या
रविवार संध्याकाळ!!! अख्ख्या पुण्यातल्या मेस बंद. दुपारी फीस्ट, गुलाबजाम मोजून दोन आणि पुऱ्या बेमोजणी. आमच्यातला एक तर शनिवारी रात्री मुद्दाम जेवायचा नाही, रविवारी दुपारी दोन दिवसांचं खायचा आणि मग संध्याकाळपर्यंत पोट धरून लोळायचा. आम्ही हसायचो त्याला. तो पैसे वाचवून बहिणीची फी भरत होता हे फार नंतर कळलं.

पेठेतली_अन्नपूर्णा
मी मेस चालवते, म्हणून लिहिते. एक वेळवाला मुलगा आम्हाला ओळखू येतो हो. तो दुपारी उशिरा येतो, म्हणजे रात्रीपर्यंत पुरतं. भात तिसऱ्यांदा घेताना मान वर करत नाही. पोळ्या जास्त झाल्या तर मी "संपवा रे, उद्या टाकाव्या लागतील" असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते, एकट्याला दिलं की दुसऱ्या दिवशी येत नाही तो. सगळ्यांना फुकट घालणं मला परवडत नाही, सिलिंडर आणि तेल कुठे गेलंय बघा. कुकर लागलाय, येते.

गृहकृत्यदक्ष७७
विषय सोडून विचारते, माफ करा. काकू, कमी तिखटाचा, बिनतेलकट डबा सहकारनगरला कोणी देतं का? सासऱ्यांसाठी. दात नाहीत, मऊ पोळी हवी.

पारनेरचा_म्हातारा
नातू टाईप करून देतोय. बहात्तरच्या दुष्काळात मी तेरा-चौदा वर्षांचा असेन. आई-बाप पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला, मी पाटी उचलायला. रेशनला अमेरिकेचा लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, मिळायचा. त्याची भाकरी लाल, कोरडी, घशाखाली जायची नाही. कामावर पोरांना सुकडी, म्हणजे पौष्टिक पिठाचा खाऊ, वाटत, ती गोड लागायची, म्हणून शाळा बुडवून जायचो. धाकटी बहीण त्या साली गेली. हगवण लागली म्हणत. नुसत्या हगवणीनं ती गेली नसती, अंगात काही उरलंच नव्हतं तिच्या.

आता हडपसरला मुलाकडे असतो. काही कमी नाही. पण शिळी पोळी सुनेनं टाकलेली बघितली की माझा ताबा जातो, ओरडतो. सून चांगली आहे. ढग आले नाहीत की जूनमध्ये मला अजून झोप लागत नाही. शेती विकून वीस वर्षं झाली, तरी. अंगानं काटकुळा आहे, आणि शुगर मात्र तीनशे.

स्पष्टवक्ता_पुणे३०
आमच्या वेळी सगळेच अर्धपोटी होते. कोणाला डिप्रेशन वगैरे आलं नाही. हल्ली सगळ्याचं मानसिक करून ठेवलंय.

धायरीकरीण
@स्पष्टवक्ता काका, माझे आजोबा ताट भिरकवायचे. आजी मागच्या दाराला जाऊन बसायची. घरात त्याला "त्यांचा स्वभाव" म्हणत. ज्या महिन्यात धान्य वेळेवर यायचं त्या महिन्यात तो स्वभाव बराच सुधारायचा.

स्पष्टवक्ता_पुणे३०
असेल. आमचे वडीलही तापट होते. बरं, गृहकृत्यदक्ष, बिबवेवाडीला एक बाई देतात डबा, निरोप पाठवतो.

ओपीडीतून
दोन पेशंटच्या मध्ये लिहितोय. आजोबा, तुमची काटकुळी शुगर नवलाची नाही, आणि त्यावर मोठं काम आपल्या पुण्यातच झालंय. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं तपासली. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ ची. वजन कमी असूनही आपल्या बाळांच्या अंगात चरबी त्या मानाने टिकून असते, कमी पडतो तो स्नायू. अशी बारीक दिसणारी माणसं पुढे मधुमेहाकडे लवकर झुकतात. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली. तेव्हा जी मुलं आईच्या पोटात होती, त्यांच्या शरीराला पन्नाशीत साखर पेलेना. म्हणजे भुकेची नोंद खाणाऱ्याच्या जन्माआधीपासून चालू असते.

डोक्याचंही सांगतो. त्याच सुमारास अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुण स्वखुशीने सहा महिने अर्धपोटी राहिले. धडधाकट, निवडून घेतलेली माणसं. काही आठवड्यांत ती चिडखोर, उदास झाली, थट्टामस्करी बंद पडली, ताटं चाटायला लागली, पाककृतींची पुस्तकं तासन्‌तास वाचायला लागली. प्रयोग कधी संपणार हे त्यांना तरी माहीत होतं. घरात उद्या काय शिजेल हे ज्याला माहीत नाही, त्याला वर ती काळजीही असते, आणि काळजीने झोप जाते. नवीपेठ_माजी, तुमच्या उघड्या पानाचं उत्तर यात आहे.

अजून एक. पेशंट जाडा असला की आपण समजतो खातापिता आहे. चहा-खारी आणि वडापाववर दिवस काढणाऱ्याचं वजन वाढतं, रक्त वाढत नाही.

औंधचा_बंड्या
डॉक्टर, म्हणजे माझी शुगर आजीमुळे? आईला सांगतो, ती मला पेढे देणं बंद करणार होती.

ओपीडीतून
पेढे बंदच.

भिकारदास_मारुतीजवळ
आमचे आजोबा कोकणातून इथे शिकायला आले आणि वार लावून जेवले. प्रत्येक वाराचं घर वेगळं. कुठे गरम वाढायचे, कुठे सगळ्यांचं झाल्यावर मागच्या पडवीत. नातवंडांना ते सगळं हसत सांगायचे, अमकीकडे आमटी पाणचट, तमकीकडे ताक मागितलं तर यजमान विहीर दाखवायचे. त्यांचा शनिवारचा उपास कडक असायचा, मरेपर्यंत. आम्हाला वाटायचं मारुतीचा. आजी गेल्यावर एकदा म्हणाले, "शनिवारला घर मिळालं नव्हतं रे."

स्वतःच्या सख्ख्या मुलीकडेही ते कधी जेवले नाहीत. चहा घ्यायचे आणि उठायचे. आत्या त्यावर आयुष्यभर रुसून होती.

खडूफळा
शिक्षिका आहे, शाळेचं नाव नको. सोमवारी पोषण आहाराची रांग मोठी असते आणि खिचडी कमी पडते. शनिवार-रविवार काय झालं हे खिचडी सांगते. सोमवारी सकाळी "बाई पोट दुखतंय" म्हणणारी मुलं ठरलेली. आधी मला वाटायचं गृहपाठ टाळतात. आता दप्तरात राजगिऱ्याची वडी ठेवते, प्रार्थनेनंतर देते, दुखायचं थांबतं. आम्ही लहान होतो तेव्हा शिजवलेलं नव्हतं, नंतर महिन्याला तीन किलो तांदूळ घरी द्यायचे. शिजवून द्या म्हणून सर्वोच्च न्यायालयाला २००१ मध्ये सांगावं लागलं. तांदूळ घरी गेला की तो सगळ्यांत वाटला जातो, शिजवलेलं त्या पोराच्याच पोटात जातं. स्टाफरूममध्ये अजून ऐकते, "हा मुलगा ढ आहे." अहो, अकरा वाजता विचारा, मग दोन वाजता विचारा.

पर्वती_पायथा
मी कधी लिहीत नाही इथे. लॉकडाऊनचं लिहू का. आई चार घरची कामं करायची, मार्च २०२० ला सगळी बंद. दोन घरांनी पगार दिला, दोघांनी फोन उचलला नाही. रेशनकार्ड गावाकडचं, नाव आजीच्या कार्डात. मोफत धान्याच्या बातम्या टीव्हीवर बघायचो. पप्पा रिक्षा चालवायचे, ती दारात उभी. त्यांना शुगर, गोळी चालू. एक दिवस गोळी घेतली आणि वर नुसता चहा. घाम फुटला, बरळायला लागले. शेजारच्या काकांनी साखर तोंडात घातली म्हणून वाचले. तेव्हापासून पप्पा गोळीलाच घाबरतात, अधूनमधून घेतच नाहीत.

आई सगळ्यांत शेवटी जेवायची. म्हणायची मी करताना खाल्लं. तिचं हिमोग्लोबिन सहा निघालं. लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या रिकाम्या पोटी घेतल्या की मळमळतं, म्हणून तिनं बंद केल्या. पाकिटावर लिहिलेलं होतं जेवणानंतर घ्या. मी बारावीला होते. पेपर झाले होते म्हणून बरं. पण तेव्हापासून महिना संपत आला की माझी छाती धडधडते. आता नोकरी आहे, डबा भरलेला आहे, तरी वीस तारखेनंतर मी तांदूळ मोजते.

धायरीकरीण
लिहिलंस ते फार बरं केलंस गं. वीस तारखेचं मला आतून कळलं.

भिकारदास_मारुतीजवळ
शिवभोजन नव्हतं का जवळ? २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेली थाळी, लॉकडाऊनमध्ये पाच रुपयांना होती.

पर्वती_पायथा
होती दादा. दोन चपात्या, भाजी, वरण-भात, चांगलं असायचं. मी आणि भाऊ जायचो. पप्पा नाही आले कधी. तिथं फोटो काढायचे. रिक्षा स्टँडवर कोणी बघितलं तर, म्हणायचे.

पारनेरचा_म्हातारा
बरोबर आहे त्याचं. आम्ही सुकडीच्या रांगेत होतो तेव्हा सगळं गावच रांगेत होतं, म्हणून लाज नव्हती.

ओपीडीतून
पर्वती_पायथा, आईंचं आता कितीवर आहे? पप्पांना सांगा, गोळी मनाने बंद करू नका, पण खाणं अनियमित असेल तर डॉक्टरांना ते तोंडाने स्पष्ट सांगा. गोळी बदलता येते, शुगर एकदम न उतरवणाऱ्या गोळ्या आहेत. आईंना लोहाची गोळी दोन घास खाऊन घेऊ दे, मळमळ कमी होईल, लिंबूपाण्याबरोबर चालेल. चहाबरोबर मात्र नको, लोह अंगी लागत नाही.

पर्वती_पायथा
साडेआठ आहे सर. चहाचं कुणी सांगितलंच नव्हतं. ती गोळी चहाबरोबरच घेते. किती वेळ सोडायचा मध्ये?

ओपीडीतून
आधी आणि नंतर तासभर तरी.

गृहकृत्यदक्ष७७
सासऱ्यांचंही हेच चालू आहे, बघतेच आता. स्पष्टवक्ता काका, डब्याचा निरोप मिळाला, पण त्या बाई बुधवारी सुट्टी घेतात म्हणे. बुधवारी कोण देतं?