मदत हवी आहे: संख्याशास्त्र शिकून रुग्णसेवेच्या जवळ कसे राहता येईल?

नमस्कार. मी संख्याशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला असून पुढील दिशेबाबत आपले मार्गदर्शन हवे आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना मी आदर्श मानते. १८५४ मध्ये क्रिमियन युद्धातील जखमी सैनिकांची शुश्रूषा करण्यासाठी त्या गेल्या, हे बहुतेकांना ठाऊक असते. मला मात्र त्यांचे नंतरचे काम अधिक भावते, कारण जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच अधिक सैनिक दगावले, हे त्यांनी १८५८ मध्ये आकृत्यांद्वारे दाखवून दिले आणि लष्करी रुग्णालयांतील स्वच्छतेचा प्रश्न सरकारपुढे चिकाटीने लावून धरला. माणसांविषयीची कळकळ आकडेवारीतूनही प्रकट होते, हे मला त्यांच्यामुळेच उमगले.

जैवसंख्याशास्त्र की साथरोगशास्त्र, यांत माझा निर्णय होत नाही. रुग्णांशी असलेला संबंध पूर्णपणे तुटू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे (पगार मी दुय्यम मानते, तरी घरची जबाबदारी आहेच). या क्षेत्रांत काम करणाऱ्यांनी कृपया सांगावे, की आपला किती वेळ संगणकासमोर जातो आणि किती लोकांमध्ये? पदव्युत्तर प्रवेशापूर्वी काही महिने रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून काम केल्यास ही निवड सोपी होईल का?