बंदिस्त वस्तीवर दीर्घकथा लिहितोय. काय वाचू, काय पाहू?

सातपुडा_पायथा :
नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यात, पालच्या अलीकडे केळीच्या बागा संपून जंगल लागतं, त्या पट्ट्यातली एक दीर्घकथा लिहायला घेतलीय. सगळी वस्ती काल्पनिक. एक 'आप्पाजी', त्यांचे नियम, स्वतःची शेती, स्वतःची शाळा, बाहेरच्यांशी बोलायला बंदी. ज्याला वाचून दाखवावं तो एकच विचारतो : "ही माणसं पळून का जात नाहीत? फाट्यावर एसटी थांबते की!" मी कुंपण उंच केलं, राखणदार वाढवले, कुत्रा आणला. तरी पटत नाही कुणाला. कादंबरी, सिनेमा, नाटक, काहीही सुचवा. इंग्रजी चालेल. नरबळी वगैरे नको.

केळीवाली_ताई :
कुत्रा आधी काढा :) कुंपण जितकं उंच, तितका वाचक भोक शोधत बसतो.
इशिगुरोची 'नेव्हर लेट मी गो' (2005) वाचा. एका निवासी शाळेत मुलं वाढतात. मोठेपणी त्यांचे अवयव काढून घेतले जाणार असतात. मोठी झाल्यावर ती गाडी चालवतात, गावोगाव फिरतात, कुणी अडवत नाही. तरी पळत नाहीत. त्यांची धाव कुठवर, तर मुदत थोडी वाढवून मिळेल का, हे विचारण्यापर्यंत. लहानपणी शाळेमागच्या रानाची गोष्ट असते : एक मुलगा पळाला, आणि हातपाय तोडलेल्या अवस्थेत झाडाला बांधलेला सापडला. गंमत अशी की ही गोष्ट शिक्षक पसरवत नाहीत, मुलंच एकमेकांना सांगतात. तुमच्याकडे तर अख्खा सातपुडा आहे, बिबट्या आहे. आप्पाजींनी तोंड उघडायचीही गरज नाही.

भुसावळ_जंक्शन :
'डॉगटूथ' (2009), ग्रीक सिनेमा, लँथिमॉसचा. घरात पोरंबाळं असताना लावू नका. आईबापांनी मोठ्या झालेल्या मुलांना आवारातच ठेवलंय. नियम काय, तर सुळा पडला की बाहेर जायला मोकळे. म्हणजे बंदी नाहीच, फक्त अट आहे, आणि ती कधी पुरी होत नाही. आप्पाजींना असंच काही द्या : "ज्याचं मन निर्मळ झालं त्यानं खुशाल जावं." निर्मळ झालं की नाही हे तेच ठरवणार.
ह्यू हाउईची 'वूल' याच्या बरोबर उलट आहे. जमिनीखाली मजल्यांवर मजले, त्यात माणसं. बाहेर जायचंय असं कुणी म्हणालं की खरंच पाठवतात, विषारी हवेत, आणि जाताना कॅमेऱ्याची काच पुसून जायचं. इच्छा बोलून दाखवणं हाच गुन्हा.

नाना_शिरपूर :
पुस्तकं वाचा भाऊ, पन आधी मुकादमनी वही देखा.
आमच्याकडून ऊसतोडीला जोड्या जातात, मुकादम म्हणजे मजुरांचा ठेकेदार त्यांना नेतो. नवराबायको मिळून एक कोयता. कारखाना सुरू व्हायच्या आधीच उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, लग्नात नाहीतर दवाखान्यात ती संपलेलीही असते. मग हंगामभर वहीत खाडे पडतात, किराणा चढतो, ताप आला तर गोळ्यांचे पैसे चढतात. पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, तेव्हा बाकी निघतेच, ती पुढच्या सालावर. उसाच्या फडाला कुलूप कोण लावतं? पळून जायचं तर गावी बाप आहे, भाऊ आहे, मुकादम त्यांच्या दारात उभा राहतो.
तुमच्या वस्तीत दुकान एकच ठेवा, वही एकच ठेवा. एक पळाला की त्याची बाकी भावाच्या पानावर. राखणदारांचा पगार वाचेल आप्पाजींचा.

सातपुडा_पायथा :
नाना, दुकान होतंच कथेत, पण नुसतं वर्णनाला. आता ते मधोमध आणतो. अजून एक अडचण आहे. रुख्मा नावाची बाई उघड बोलायला लागते. मी तिला कोठडीत टाकली, पण ते सिनेमातलं वाटतंय.

केळीवाली_ताई :
कोठडी कशाला? तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' काढा, 1967 मध्ये रंगभूमीवर आलं. खोटा खटला, हसत-खिदळत खेळ म्हणून सुरू होतो. त्यात आरोपी केलेली बेणारे निघायला बघते तर कडी बाहेरून अडकलेली. तिच्याभोवती सगळी सुशिक्षित, रोजच्या ओळखीची माणसं.
रुख्माचं सांगू? बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, दिवस घ्या. पहाटे उठून तिनं ज्वारीचा घाटा शिजवलाय, खाटेवर ओलं धोतर अंथरलंय. दरवर्षी गल्लीतल्या बाया न बोलावता थापायला येतात. आज कुणी येत नाही. पातेल्यावर साय धरते, ऊन चढतं. समोरच्या ओट्यावर त्याच बाया दुसरीच्या बिबड्या थापतायत, गप्पा मारत. कुणी तिला वाईट शब्द बोललेलं नाही. मला तर हा प्रसंग कोठडीपेक्षा जास्त लागेल.

वकील_अमळनेर :
ताईंच्या प्रसंगाला एक पुरवणी. कथा आजची असेल तर आप्पाजी "वाळीत टाका" असं लिहून देणार नाहीत, भर सभेत बोलणारही नाहीत. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा कायदा 2017 पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यामुळे कागद नको. दंडाची पावती 'देणगी' म्हणून फाडा. आप्पाजींनी फक्त रुख्माच्या घरावरून जाताना मान वळवायची, बाकीचं वस्ती करते. आणि कृपा करून कुठल्याही खऱ्या जातीची, पंथाची खूण त्यांच्या अंगावर चढवू नका.

सातपुडा_पायथा :
बिबड्यांचा प्रसंग घेतो, ताई, परवानगी समजतो. 'वूल' कुणाकडे आहे का? रविवारी जळगावला येतोय.

भुसावळ_जंक्शन :
माझ्याकडे आहे, निरोप करा, स्टेशनवर आणून देतो. महिन्यात परत पाहिजे. मागची एक प्रत अशीच गेलीय.