प्रति: तंतूंची दिशा महत्त्वाची की पृष्ठभाग?

कंपोझिटमध्ये, म्हणजे तंतू आणि त्यांना बांधून ठेवणारं रेझिन मिळून बनलेल्या पदार्थात, तंतू भाराच्या दिशेत बसवले की झालं, त्यांच्यावरचा लेप दुय्यम, असं या चर्चेत म्हटलं गेलंय. दिशेचं महत्त्व मान्यच. कार्बन तंतू आणि इपॉक्सी रेझिनच्या एकदिशीय पट्टीची तंतूंच्या दिशेतली ताणशक्ती १५०० मेगापास्कलच्या वर जाते, आडवी मात्र जेमतेम ५० च्या आसपास राहते. पण ही आडवी ताकद येते कुठून? तिथे भार पेलतं ते रेझिन आणि तंतू-रेझिनमधला जोड. म्हणून हे दोन विषय वेगळे काढणं मला पटत नाही.

मी एकदा काचतंतूंच्या दोन प्लेट केल्या होत्या. एकीच्या तंतूंवर इपॉक्सीशी जुळणारा सिलेनचा (काच आणि रेझिन यांना जोडणाऱ्या रसायनाचा) लेप, दुसरीच्या तंतूंवर पॉलिएस्टर या वेगळ्या रेझिनसाठीचा. रेझिन दोन्हीकडे इपॉक्सीच. (लेप भट्टीत जाळून तुलना करू नका, उष्णतेने काचच कमजोर होते आणि दोष कुणाचा ते कळत नाही.) ०° च्या, म्हणजे तंतूंच्या दिशेतल्या, ताणात दोघी जवळजवळ सारख्या. ९०° ला, म्हणजे तंतूंना आडवं ताणल्यावर, दुसरी बरीच आधी तुटली. तुटलेली कड सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर पहिलीत तंतूंना रेझिनचे कपचे चिकटलेले आणि दुसरीत तंतू धुतल्यासारखे स्वच्छ, शेजारच्या रेझिनमध्ये त्यांच्या गुळगुळीत रिकाम्या खाचा. नमुने पाण्यात उकळल्यावर तर ही तफावत आणखी वाढली, कारण ओल त्या जोडातूनही आत शिरते. त्यामुळे फक्त ०° ची चाचणी करून लेपाला पास करू नका. ९०° किंवा आखूड तुळईची कातर चाचणी (आखूड तुकडा वाकवून थरांमधली पकड तपासणारी) कराच, आणि तीही ओल्या नमुन्यांवर.