एमपीआय: छोट्या ग्रिडवर चालतं, मोठ्यावर लटकतं

प्रश्न: पायथनमधून एमपीआय (प्रोसेसनी एकमेकांना मेसेज पाठवायची पद्धत) वापरतोय. ग्रिड प्रोसेसमध्ये वाटलाय. प्रत्येक प्रोसेस शेजाऱ्याला कडेची ओळ आधी सेंड करते, मग रिसीव्ह. ग्रिडच्या ६४ रुंदीला व्यवस्थित, २००० ला सगळं गप्प. एररही नाही.

उत्तर १: हा डेडलॉकच, म्हणजे सगळे एकमेकांची वाट बघत अडकलेत. ६४ डबल (८ बाइटचे दशांश आकडे) म्हणजे ५१२ बाइट. एवढा मेसेज लायब्ररी परस्पर बफरमध्ये (तात्पुरत्या मेमरीत) टाकते आणि सेंड लगेच परततो. २००० म्हणजे १६,००० बाइट. ईगर मर्यादा (न थांबता पाठवता येणारा मेसेजचा कमाल आकार) ओलांडली की समोरचा रिसीव्ह लागेपर्यंत सेंड अडतो, आणि इथे तर सगळेच सेंडमध्ये. म्हणजे छोट्या ग्रिडवरही कोड चुकीचाच होता, नशिबाने चालला. सेंडरिसीव्ह (दोन्ही एकाच कॉलमध्ये) वापरा, नाहीतर न अडणारे आयरिसीव्ह, आयसेंड आणि शेवटी सगळं पूर्ण होईपर्यंत थांबणारा वेटऑल. वेटऑल होईपर्यंत त्यांना दिलेल्या अ‍ॅरेंना हात लावू नका.

उत्तर २: वरच्याशी सहमत. शिवाय छोट्या ‘एस’चा सेंड प्रत्येक वेळी डेटा पिकल करतो (पायथनच्या पद्धतीने बाइटमध्ये बदलतो), नमपाय अ‍ॅरेसाठी कॅपिटल ‘एस’वाला घ्या, तो थेट मेमरीतून पाठवतो. फक्त कडेचा स्तंभ सलग मेमरीत नसतो, तो तसाच दिला तर एरर येते. आधी सलग प्रत काढा किंवा व्हेक्टर डेटाटाइप (ठराविक अंतरावरचे घटक सांगणारा एमपीआयचा प्रकार) बनवा.

उत्तर ३: तपासायला सेंडच्या जागी एससेंड (समोरचा रिसीव्ह सुरू होईपर्यंत थांबणारा सेंड) टाका. तो बफरवर विसंबत नाही, ६४ लाही लटकेल.