भाषणात विनोद शिकून येतो, का अंगातच असावा लागतो?

मधल्या_बाकावरचा
ऑफिसात यावरून दोन तट पडलेत म्हणून इथे टाकतोय. एका बाजूचं म्हणणं की विनोद अंगातच असावा लागतो, शिकून फक्त पाठ केलेले जोक सांगता येतात आणि ते ऐकताना आपल्यालाच लाज वाटते. माझं मत उलटं. टोस्टमास्टर्सची, म्हणजे भाषणाचा सराव करणाऱ्या क्लबांची, विनोदी भाषणाची स्पर्धा बघा, ५ ते ७ मिनिटं, साडेसातच्या पुढे गेलात की बाद, आणि लोक हसत बसले तर ती वेळही तुमच्याच खात्यातून जाते. म्हणजे लिहायचं साडेपाच मिनिटांचं आणि बाकीचं हशासाठी मोकळं ठेवायचं, हशा आलाच नाही तर पुढे कसं सरकायचं तेही आधी ठरवायचं. हे सगळं आईच्या पोटातून शिकून कोण येतं? अभिमन्यू सोडून.

गावठी_वकील
हिशेब शिकाल हो, पण नजर कुठून आणणार? अत्र्यांना म्हणे विधानसभेत कुणीतरी डिवचलं, आम्ही इतके आणि तुम्ही एकटे, तर त्यांनी पन्नास कोंबड्यांना एक कोंबडा कसा पुरतो ते ऐकवलं. हे कुठल्या क्लासात शिकवतात सांगा. आमच्याकडे एक साहेब होते, भाषणाच्या कागदावर समासात 'हशा' असं लिहून आणायचे. तिथे पोचले की थांबायचे आणि एकटेच हसायचे.

मधल्या_बाकावरचा
कोंबड्याचा किस्सा प्रत्येक सूत्रसंचालक सांगतो पण स्वतःच्या कानांनी ऐकलेला माणूस मला अजून भेटायचाय, दरवेळी कोंबड्यांचा आकडा तेवढा बदलतो. आणि खरा धरला तरी अत्रे त्याआधी वर्षानुवर्षं पुण्यात मास्तरकी करत होते, नाटकं लिहीत होते. व्रात्य पोरांचा वर्ग रोज सांभाळणं हा रियाज नाही तर काय आहे? तुमच्या साहेबांचं म्हणाल तर ते शिकलेच नव्हते, फक्त लिहून आणत होते.

प्राजक्ता_निवेदिका
शिकण्यासारखं पुष्कळ आहे, पण मराठीतून कुणी शिकवत नाही ही खरी अडचण. इंग्रजी व्हिडिओ बघून सगळे सांगतात की मजेची गोष्ट वाक्याच्या शेवटी ठेवा. आपल्या वाक्याच्या शेवटी तर क्रियापद येऊन बसतं! "दार उघडलं तर आत व्याही बसलेले होते" असं सांगितलंत की लोक 'व्याही'ला हसायला लागतात आणि तुमचं 'बसलेले होते' त्या हसण्यावर जाऊन आदळतं. त्यापेक्षा "दार उघडलं. आत कोण? व्याही!" आणि गप्प उभं राहायचं. हे गप्प राहणंच जमत नाही लोकांना, हशा पुरता यायच्या आत पुढचं वाक्य रेटतात.

कीर्तनकार बुवा कायम असंच बोलतात, प्रश्न टाकायचा आणि थांबायचं. गाडगेबाबा तर उत्तर समोरच्यांकडूनच वदवून घ्यायचे, मग माणसं आपल्याच अंधश्रद्धेवर हसायची. अजून एक, पहिल्या रांगेत सोफ्यावर बसलेले पाहुणे हसल्याशिवाय मागचे हसत नाहीत, आणि पाहुण्यांचं लक्ष घड्याळात असतं. त्यांच्याकडे बघून बोलूच नका, चौथी-पाचवी रांग पकडा. आणि नवरा-बायकोचे जोक कृपा करून बंद करा, समोर निम्म्या बायका असतात, त्या हसतात ते निव्वळ संस्कारामुळे.

गावठी_वकील
ताई, ते काढून टाकले तर आमच्या निरोप समारंभात उरतं काय, शाल आणि नारळ?

कापूसवाला_यवतमाळ
तुमचं सगळं एसी हॉलमधलं चाललंय. मी शेतकरी मेळाव्यात बोलतो, कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीवर. माझा अनुभव सांगतो, विनोद लक्षात राहते अन् विषय जाते. एका वक्त्यानं सासुरवाडीचा किस्सा सांगून मांडव डोक्यावर घेतला, नंतर चहाला मी चार जणांना विचारलं कामगंध सापळे (मादीच्या वासानं या अळीचे नर पतंग ओढून पकडणारे) किती लावायचे, एकालाही सांगता आलं नाही, किस्सा मात्र चौघांनाही अख्खा पाठ. हेक्टरी ५ सापळे, अन् एका सापळ्यात रोज ८ पतंग असे सलग ३ दिवस सापडले की फवारणीची पातळी आली समजायचं. एवढं डोक्यात बसलं तरी बस झालं. २०१७ ला या अळीनं काय केलं ते आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. मला हसवायला बोलावत नाहीत तिथं.

मधल्या_बाकावरचा
मग विनोद आकड्यालाच चिकटवा ना. "घरी आठ पाहुणे आले, चहा टाका. दुसऱ्या दिवशी परत आठ, तरी टाका, दूध जरा कमी. तिसऱ्या दिवशी पण आठ? फवारणी!" हा किस्सा घरी जाऊन सांगायचा म्हटला तरी आठ आणि तीन सांगावेच लागतात. सासुरवाडीचा कापसाशी काही संबंधच नव्हता म्हणून ती एकटीच लोकांबरोबर घरी गेली.

प्राजक्ता_निवेदिका
भारी आहे हा. पण सापळे हेक्टरी पाच, त्या पाचचं काय? ते अनाथच राहिले.

कापूसवाला_यवतमाळ
पुण्यात बसून सुचणं सोपं आहे भाऊ. त्याच २०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली. मांडवात त्यांच्या घरचं, गावचं कुणीतरी बसलेलं असतंच. माणसांवर फवारणी म्हटली की पुढचे हसतील बी, मागं कोणाचा चेहरा उतरला ते तुम्हाला स्टेजवरून दिसणार नाही.

गावठी_वकील
मी म्हणत होतो ती नजर ती ही.

मधल्या_बाकावरचा
ही नजर नाही, माहिती आहे, आणि माहिती विचारून मिळते. बोलायला जायच्या आधी गावातल्या दोघांना फोन केला तर पुण्याच्या माणसालाही कळतं, आणि असे फोन करायचे असतात हेसुद्धा शिकवता येतं. फवारणी उडवा तिथून. "तिसऱ्या दिवशी पण आठ? आता दाराला कुलूप, आणि कृषी सहायकाला फोन!" काय फवारायचं, तोंडाला काय बांधायचं ते मग सरळ, न हसवता सांगा.

कापूसवाला_यवतमाळ
कृषी सहायकाला फोन लागते म्हटलं तर त्यावरच जास्त हसतील आमच्याकडं. पण कुलूप चालेल, पुढच्या मेळाव्यात सांगून पाहतो. हसले का नाही ते मी धरणार नाही, चहाला आकडे विचारीन.

गावठी_वकील
पाचसाठी पंच घ्या. एका हेक्टरला पाच पंच, पाचही जागेवर हजर पाहिजेत.

कापूसवाला_यवतमाळ
वकीलसाहेब, सापळे लावले तिथंच राहतात. पंच कधी पाहिले तुम्ही जागेवर?