मदत हवी आहे: पिस्तूल अंगावर बाळगण्यासाठी किती आणि कसले प्रशिक्षण सक्तीचे असावे? टेक्सासमधील दिरांना कसे पटवावे?

नमस्कार मंडळी,

मी शिकागोच्या उपनगरात राहते आणि इलिनॉय राज्याचा छुपे शस्त्र बाळगण्याचा परवाना माझ्याकडे आहे. माझे धाकटे दीर ह्यूस्टनबाहेर पेट्रोल पंपाला लागून असलेले किराणा दुकान चालवतात. दुकान रात्री उशिरापर्यंत उघडे असते, गल्ल्यावर बहुतेक वेळा ते एकटेच असतात, आणि आसपास लुटीचे प्रकार घडल्यापासून घरातले सगळेच धास्तावले आहेत. त्यामुळे ग्रीन कार्ड हाती आल्यावर त्यांनी पिस्तूल घेतले, याबद्दल माझी तक्रार नाही. काळजी याची आहे की ते भरलेले पिस्तूल होल्स्टरशिवाय (पिस्तुलाच्या म्यानाशिवाय) कमरेला खोचून दिवसभर वावरतात आणि ते चालवायला कोणाकडूनही शिकलेले नाहीत. मी विषय काढला की त्यांचे उत्तर ठरलेले असते: "वहिनी, सरकार मागत नाही, तर मी वेळ आणि पैसा कशाला घालवू?"

सरकार मागत नाही, हे खरेच आहे. टेक्सासने 1995 साली परवान्याचा कायदा केला तेव्हा किमान 10 तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागे. 2013 मध्ये ते 4 ते 6 तासांवर आले, पुढे वर्गातला भाग ऑनलाइन पूर्ण करण्याची सोय झाली, आणि 1 सप्टेंबर 2021 पासून 21 वर्षे पूर्ण झालेल्या आणि कायद्याने अपात्र नसलेल्या व्यक्तीला परवान्याशिवायच पिस्तूल बाळगता येऊ लागले. अशी मुभा देणारी राज्ये आता 29 झाली आहेत. पेनसिल्व्हेनियात परवाना लागतो, पण राज्याचा कायदा त्यासाठी प्रशिक्षणाची अट घालत नाही. उलट न्यूयॉर्कने 2022 मध्ये वर्गातले 16 तास आणि रेंजवरचे (नेमबाजीच्या मैदानावरचे) 2 तास सक्तीचे केले.

माझ्या राज्याचा कायदा 2013 चा, म्हणजे फेडरल (केंद्रीय) अपील न्यायालयाने आधीची सरसकट बंदी घटनाबाह्य ठरवल्यानंतरचा आहे. त्यात 16 तासांचे प्रशिक्षण आहे आणि दर 5 वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी आणखी 3 तासांचे. ऐकायला हे पुष्कळ वाटते. परीक्षेत 5, 7 आणि 10 यार्डांवरून प्रत्येकी 10 गोळ्या झाडायच्या असतात आणि 30 पैकी 21 लक्ष्यावर लागल्या की माणूस उत्तीर्ण होतो. आमच्या वर्गात पिस्तूल समोरच्या फळीवर, नळी लक्ष्याच्या दिशेने करून ठेवलेले असे. प्रशिक्षकांनी आज्ञा दिली की ते उचलायचे, श्वास स्थिर करायचा आणि न हलणाऱ्या कागदी आकृतीवर सावकाश नेम धरायचा. शिकागोच्या जानेवारीत जाड जॅकेट, त्याखाली स्वेटर आणि त्याखाली होल्स्टर अशा थरांतून, चापावर बोट न जाऊ देता, पिस्तूल बाहेर कसे काढावे हे मात्र मला एकदाही करून दाखवावे लागले नाही. परवाना छुपे शस्त्र बाळगण्याचा आहे, आणि परीक्षेत ते लपवलेले शस्त्र बाहेर काढण्याचा भागच नव्हता.

म्हणून माझे मत असे झाले आहे की प्रशिक्षण वाढवायला हवे, पण तासांचा आकडा वाढवून नव्हे. कसोटी बदलायला हवी. हेच मत मी दिरांपुढे मांडले, तेव्हा त्यांनी इंडियानातील ग्रीनवुड येथील मॉलचे उदाहरण दिले, आणि ते उदाहरण वजनदार आहे हे मला मान्य करावेच लागेल. 17 जुलै 2022 रोजी तेथे गोळीबार सुरू झाल्यावर 22 वर्षांच्या एका तरुणाने अवघ्या 15 सेकंदांत, सुमारे 40 यार्डांवरून 10 गोळ्या झाडल्या, त्यांपैकी 8 लागल्या आणि हल्लेखोर संपला. त्या तरुणाला पोलीस किंवा लष्करी प्रशिक्षण नव्हते, नेमबाजी त्याला आजोबांनी शिकवली होती, आणि इंडियानात परवान्याची अट त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला रद्द झाली होती. दीर म्हणतात, 16 तासांच्या अटीमुळे तो तरुण त्या दिवशी निःशस्त्र असता तर किती माणसे गेली असती?

माझे उत्तर असे की आजोबांनी शिकवले हेही शिक्षणच आहे, आणि एका असाधारण नेमबाजावरून सर्वांसाठीचा नियम ठरवता येत नाही. न्यूयॉर्क पोलिसांसाठी रँड या अमेरिकी संशोधन संस्थेने केलेल्या अभ्यासात 1998 ते 2006 या काळातील चकमकींमध्ये, समोरून गोळ्या येत असताना, पोलिसांच्या केवळ 18 टक्के गोळ्या लक्ष्यावर लागल्याचे दिसले होते. जे नियमित सराव करतात त्यांची ही स्थिती असेल, तर गल्ल्यामागे उभ्या असलेल्या घाबरलेल्या माणसाच्या उरलेल्या गोळ्या कुठे जातील? दुकानात दुधाच्या फ्रीजजवळ कोणी गिऱ्हाईक उभे असेल, काचेपलीकडे पंपावर कोणी गाडीत तेल भरत असेल.

याहून मला अस्वस्थ करते ते कोलोरॅडोतील आर्वाडाचे प्रकरण. जून 2021 मध्ये तेथे एका पोलीस अधिकाऱ्याला ठार करणाऱ्या हल्लेखोराला एका धाडसी नागरिकाने स्वतःच्या पिस्तुलाने रोखले, आणि नंतर हल्लेखोराची रायफल त्याने हातात घेतली. तेवढ्यात आलेल्या दुसऱ्या पोलिसाला हातात रायफल असलेला एक अनोळखी माणूस दिसला आणि त्याने त्या नागरिकालाच गोळी घातली. नेम अचूक होता, हिंमत होती, तरी जीव गेला. शेवटची गोळी सुटल्यानंतरचे दोन मिनिट कसे वागायचे, शस्त्र केव्हा खाली ठेवायचे, हात कुठे दिसले पाहिजेत, 911 या आपत्कालीन क्रमांकावर स्वतःचे वर्णन कसे सांगायचे, हे ज्या प्रशिक्षणात अंगवळणी पडेपर्यंत घोटून घेतले जात नाही ते मला अपुरे वाटते. आपल्यासारख्या गव्हाळ रंगाच्या, वेगळ्या उच्चाराच्या माणसाला तर याची गरज अधिकच आहे.

सक्तीविरुद्धचा एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. इलिनॉयमध्ये रहिवाशाला परवान्याचे शुल्कच 150 डॉलर पडते, वर्गाचे पैसे वेगळे, आणि दोन दिवसांची मजुरी बुडते ती वेगळी. ज्या बाईला तिचा पूर्वीचा नवरा धमकावत आहे, तिला महिनाभर थांबा असे कोणत्या तोंडाने सांगायचे? सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कच्या परवाना कायद्याविरुद्धच्या खटल्यातील जून 2022 च्या ब्रूएन निकालाच्या नवव्या तळटिपेत सुरक्षा प्रशिक्षणाची अट घालणाऱ्या परवानापद्धतींना आक्षेपार्ह ठरवले नाही, मात्र अवाजवी विलंब आणि भरमसाट शुल्क यांमुळे सामान्य माणसाचा हक्कच नाकारला गेला तर त्याला आव्हान देता येईल, असेही तेथेच म्हटले आहे. माझ्या मते अट घालणाऱ्या राज्याने प्रशिक्षणाचा खर्च स्वतः उचलावा आणि तातडीच्या प्रकरणात तात्पुरता परवाना देऊन प्रशिक्षणासाठी मुदत द्यावी.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. दिरांना सध्याच्याच कायद्यातले काही मुद्दे दाखवावेत असा माझा विचार आहे. पुतण्याला शाळेत सोडायला ते रोज जातात. शाळेपासून 1000 फुटांच्या आत भरलेले पिस्तूल जवळ असणे हा फेडरल गुन्हा आहे, आणि त्यातून सूट मिळते ती त्या राज्याचा परवाना असलेल्याला. म्हणजे टेक्साससाठी ऐच्छिक असलेला परवाना त्यांच्यासाठी प्रत्यक्षात आवश्यक आहे, आणि तो घ्यायचा म्हणजे वर्ग आणि नेमबाजीची परीक्षा आलीच. शिवाय निष्काळजीपणे ठेवलेले भरलेले शस्त्र 17 वर्षांखालील मुलाच्या हाती लागले, तर तो टेक्सासमध्येही गुन्हा आहे, आणि पिस्तूल रात्री उशाच्या कपाटात विनाकुलूप असते. त्यांच्याकडे राहणारा भाचा एच-वन-बी व्हिसावर आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर अशा व्यक्तीने शस्त्र ताब्यात ठेवण्यालाच फेडरल कायद्याने मनाई आहे, आणि "जरा गल्ला सांभाळ, खाली पिस्तूल आहे" असे दीर त्याला सहज सांगून जातात. एका साध्या वर्गात या तिन्ही गोष्टी त्यांना कळल्या असत्या.

टेक्सासमध्ये ज्यांनी हा परवाना घेतला आहे त्यांनी कृपया सांगावे: तेथील 50 गोळ्यांची परीक्षा दिल्यावर तुम्हाला खरोखर तयार असल्यासारखे वाटले का, की त्यापुढे आणखी काही शिकावे लागले? ह्यूस्टनच्या आसपास होल्स्टरमधून पिस्तूल काढण्याचा सराव आणि "गोळी झाडावी की नाही" असे प्रसंग उभे करून शिकवणारा, दुकानदाराला जमेल अशा वेळेचा वर्ग कोणाला ठाऊक आहे का? आणि ज्यांचा सक्तीला विरोध आहे त्यांच्याकडूनही मला ऐकायचे आहे, विशेषतः रात्री दुकान किंवा मोटेल सांभाळणाऱ्यांकडून, कारण दिरांना माझ्यापेक्षा त्यांचे म्हणणे लवकर पटेल. दिवाळीत आम्ही ह्यूस्टनला जाणार आहोत. त्याआधी वर्गात नाव नोंदवून ठेवता आले तर बरे होईल. मधल्या काळात निदान चाप पूर्ण झाकणारे होल्स्टर आणि बोटांच्या ठशांनी उघडणारी छोटी तिजोरी मी त्यांना पाठवणार आहे. त्यात कोणता प्रकार भरवशाचा आहे, हेही अनुभवी मंडळींनी सुचवावे.